तोयोहिको कागावा : मजुरांचा सोबती

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगभरच्या मंडळ्यांमध्ये आशियातल्या ज्या थोड्या ख्रिस्ती सेवकांची नावे आदराने घेतली जात, त्यांत आपल्या साधू सुंदरसिंगांबरोबर जपानच्या तोयोहिको कागावा ह्यांचे नाव असे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ते नाव उपदेशांतून ऐकलेले होते. आजच्या तरुणांना आणि शब्बाथशाळेतल्या मुलांना ते बहुधा परके वाटेल. म्हणून ह्या लेखात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. हे कागावा एकदा आपल्या ह्याच भागात येऊन गेले. जानेवारी १९३९ मध्ये ते महात्मा गांधींना भेटावयास बारडोलीला आले होते. पलसाण्याहून बारडोली थोड्याच अंतरावर आहे. कडोदऱ्याच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये पाळी भरणारा माणूस असो, की चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस तोडून देणारा खानदेशी मजूर असो, ज्या रस्त्याने तो ये-जा करतो त्याच मुलखात हा देवाचा सेवक येऊन गेला. तो ज्या प्रश्नाने आयुष्यभर अस्वस्थ होता, तो प्रश्न ह्या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांचाच होता. ज्याच्या हाती काम देण्याची आणि काढून घेण्याची सत्ता आहे, आणि ज्याला जाब विचारणारा कोणी नाही, त्याच्यापुढे गरीब मजुराने काय करावे? आणि ख्रिस्ताच्या मंडळीने काय करावे?

पोरके बालपण

कागावांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी जपानमधील कोबे ह्या बंदराच्या शहरी झाला. वडील मोठ्या घराण्यातले, हुद्देदार आणि व्यापारी. आई मात्र लग्नाची बायको नव्हती. ती गेइशा, म्हणजे नाचगाण्याने लोकांचे मन रिझवणारी स्त्री होती. तोयोहिको चार-पाच वर्षांचा होईपर्यंत दोघेही वारले. मग मुलाला शिकोकू बेटावर, वडिलांच्या गावच्या घरी पाठवण्यात आले. तेथे वडिलांची विवाहित पत्नी होती. नवऱ्याच्या दुसऱ्या बाईचे मूल तिला प्रिय वाटणे कठीणच होते. मोठ्या वाड्यात खाण्यापिण्याला कमी नव्हते, पण मायेचा हात नव्हता. पुढे थोरल्या भावाने सारी इस्टेट उधळली आणि घरावर जप्ती आली.

तोकुशिमा येथे शाळेत असताना ह्या मुलाची दोन अमेरिकन मिशनऱ्यांशी गाठ पडली. एक डॉ. लोगन आणि दुसरे डॉ. मायर्स. तो गेला इंग्रजी शिकावयाला आणि हाती आले शुभवर्तमान. डोंगरावरील प्रवचन त्याने पाठ केले. रानातल्या फुलांना जो सजवतो तो पिता आपल्यालाही विसरला नाही, ही गोष्ट त्या पोरक्या मुलाच्या अंतःकरणात खोल रुजली. चुलत्याच्या भीतीने तो रात्री पांघरुणाखाली प्रार्थना करीत असे. हे कळल्यावर डॉ. मायर्स ह्यांनी त्याला सांगितले की, लपवून ठेवलेला विश्वास हा भित्र्याचा विश्वास होय. १९०४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने बाप्तिस्मा घेतला. चुलत्याची इच्छा होती की त्याने टोकियोच्या विद्यापीठात शिकून सरकारी मोठी जागा मिळवावी. आपण प्रभूची सेवा करणार, असे त्याने सांगताच त्याला घराबाहेर काढण्यात आले. डॉ. मायर्स ह्यांनी त्याला आसरा दिला.

ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेत असताना त्याला क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे मरणाचे बोलावणेच. काही महिने तो समुद्रकाठच्या एका कोळीवस्तीत एकटा राहिला. जगलोच तर हे आयुष्य गरिबांसाठी खर्च करीन, असा नवस त्याने देवापाशी केला.

शिनकावाची वस्ती

२४ डिसेंबर १९०९, नाताळची आदली संध्याकाळ. एकवीस वर्षांचा हा विद्यार्थी हातगाडीवर आपली पुस्तके आणि अंथरूण टाकून कोबेतील शिनकावा ह्या झोपडपट्टीत राहावयास गेला. जी खोली मिळाली तिच्यात खून झालेला होता. भुताच्या भीतीने ती कोणी घेत नव्हते, म्हणून ती त्याला परवडली.

शिनकावात एकाला एक लागून हजारो माणसे राहत. गटारे उघडी, नळ थोडे, संडास त्याहून थोडे. बंदरावर ओझी वाहणारे, चिंध्या गोळा करणारे, जुगारी, दारुडे, वेश्या, म्हातारे भिकारी. कागावांनी आपल्या खोलीत आजाऱ्यांना घेतले. खरजेने पछाडलेल्या माणसाला आपल्या अंथरुणात जागा दिली. तेथेच त्यांना खुपऱ्यांचा रोग जडला आणि तो जन्मभर पुरला. पुढे दृष्टी फार क्षीण झाली. एका गुंडाने मारून त्यांचे पुढचे दात पाडले. तरी ते तेथून हलले नाहीत.

त्या वस्तीत एक भयंकर धंदा चाले. ज्यांना मूल नको असे, ते थोडे पैसे देऊन ते दुसऱ्याच्या स्वाधीन करीत. घेणारा पैसे ठेवून घेई आणि मुलाला कण्हेरीवर ठेवून उपाशी मारी. अशी एक मरणपंथाला लागलेली मुलगी कागावांनी आपल्या खोलीत आणली आणि रात्र-रात्र जागून तिची शुश्रूषा केली. स्वतः पोरका असलेल्या माणसाच्या मनाला त्या रात्रींनी काय शिकवले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

१९१२ साली त्यांनी वस्तीत स्वस्त जेवणाची एक खानावळ काढली. हेतू चांगला होता. पण लोक जेवून पैसे न देता जात, आणि ती थोड्याच दिवसांत बंद पडली. कोणी एकाने दया म्हणून चालवलेले दुकान हे गिऱ्हाइकाला आपले वाटत नाही, हा धडा त्यातून सहज निघतो. पुढे त्यांनी जी दुकाने उभी केली, ती मुळात सभासदांच्या मालकीची होती.

१९१३ साली त्यांनी शिबा हारू ह्यांच्याशी विवाह केला. हारूबाई छापखान्यात काम करणाऱ्या कामगार स्त्री होत्या. लग्नानंतर त्याही त्याच वस्तीत राहिल्या. पुढे त्यांनी कष्टकरी स्त्रियांना जागृत करण्यासाठी वेगळी संस्था काढली. पतीच्या नावाचा गवगवा झाला, पण घर, वस्तीतले काम आणि कामगार स्त्रियांची संघटना ह्यांचा भार ह्या बाईंनी उचलला होता, हे विसरता कामा नये.

औषध कोठे लावावे ?

१९१४ ते १९१७ ह्या काळात कागावा अमेरिकेत प्रिन्स्टन येथे शिकले. तेथे त्यांनी ग्रंथ वाचले तसे रस्तेही वाचले. न्यूयॉर्कमध्ये शिवणकामगारांचा मोठा मोर्चा त्यांनी पाहिला. मजुराने हात पसरण्याऐवजी हातात हात घालून उभे राहावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

शिनकावात त्यांच्या ध्यानात आले होते की, आपण दहा आजाऱ्यांना बरे करतो तोवर कारखाने आणि गोद्या वीस नवे आजारी पाठवून देतात. बंदरावरचा माणूस मुकादमाच्या टोळीतून रोजंदारीवर लागे. जपानच्या कापड आणि रेशीम गिरण्यांत खेड्यापाड्यांतल्या मुली भरती होत. भरती करणारा एजंट मुलीच्या बापाला आगाऊ रक्कम देई, आणि मुलगी ती फिटेपर्यंत गिरणीच्या कुंपणाआडच्या वसतिगृहात अडकून पडे. बारा-बारा तासांची पाळी, कोंदट हवा, अंगात क्षय. तिला मारले, तिचा पगार कापला, तर ती तक्रार कोणाकडे नेणार? ज्याच्या विरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश. १९०० सालच्या पोलीस कायद्याने मजुरांना संघटनेसाठी वा संपासाठी चिथावणे हाच गुन्हा ठरवला होता.

आपल्याकडे उचल हा शब्द ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही जपानची हकीकत समजावून सांगावी लागणार नाही.

कागावा परत आले ते मजूर-चळवळीत पडले. मोठ्या औद्योगिक शहरांतून त्यांनी संघटना बांधल्या. १९२० साली त्यांची आत्मचरित्रवजा कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. त्या पैशातून त्यांनी बंगला बांधला नाही. तो पैसा संघटना, संपकऱ्यांची कुटुंबे, दवाखाना आणि सहकारी भांडारे ह्यांत गेला.

१९२१ च्या उन्हाळ्यात कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी ह्या दोन गोद्यांत मोठा संप झाला. तीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांची मुख्य मागणी होती ती आपल्या संघटनेला मान्यता मिळावी आणि मालकाने तिच्याशी बोलून अटी ठरवाव्यात ही. म्हणजे भाकरीबरोबर बोलण्याचा हक्क त्यांना हवा होता. कागावांनी संपकऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, ती म्हणजे दगड उचलू नका. सरकारने सैन्य आणले, पुढाऱ्यांना पकडले. कागावाही तुरुंगात गेले. सुमारे दीड महिन्याने संप मोडला.

हा मोठा पराभव होता. काही तरुण कामगार म्हणू लागले की, प्रेमाचा मार्ग फसला, आता रक्तपाताशिवाय इलाज नाही. कागावांना ते मान्य झाले नाही. पण मालकाच्या दारात उभे राहून मागणे मागत राहणे एवढ्यावरही त्यांचे समाधान नव्हते. दरवाजाच आपला का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ते सहकारात शोधत होते.

अठ्ठावीस विणकरांचे दुकान

सहकाराचे मूळ इंग्लंडात रॉचडेल ह्या गिरणीगावात सापडते. तेथील विणकर आणि इतर कारागीर ह्यांनी १८४४ मध्ये प्रत्येकी एक पौंड जमवून एक लहानसे दुकान काढले. परंपरेने त्यांची संख्या अठ्ठावीस सांगतात. कारण साधे होते. मजुरी कमी, आणि ती हाती आली की भेसळीचे पीठ, खोटे माप आणि उधारीचा फास ह्यांत ती जाई. ह्या विणकरांनी लोणी, साखर, पीठ असा मोजका माल मांडला आणि काही नियम घातले. माल शुद्ध, माप खरे. भाग कितीही असोत, मत एकच. नफा होईल तो ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात परत. हिशेब सर्वांपुढे.

हे नियम वाचावयास किरकोळ वाटतात. पण त्यांत मोठी गोष्ट आहे. एक माणूस एक मत ह्याचा अर्थ, पैशाला मत नाही, माणसाला आहे. हिशेब सर्वांपुढे ह्याचा अर्थ, सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला जाब द्यावा लागेल. कारखान्यात मालक मजुराला विचारतो, मजूर मालकाला विचारू शकत नाही. येथे सेक्रेटरीला साधी बाईसुद्धा उभी राहून विचारू शकते की, ह्या महिन्यात तेल एवढे का आटले.

कागावांना ह्यात ख्रिस्ताच्या शिकवणीचा रोजच्या व्यवहारातला आकार दिसला. क्रूसावर ज्याने आपले सर्वस्व दिले, त्याचे अनुयायी रविवारी एका प्याल्यातून पितात आणि सोमवारी एकमेकांच्या गळ्यावर पाय देतात, हे त्यांना असह्य होते. बंधुप्रेम उपासनेत राहू नये, ते हिशेबाच्या वहीत उतरावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९२० साली ओसाका येथे आणि १९२१ साली कोबे आणि नादा येथे त्यांच्या पुढाकाराने सहकारी भांडारे निघाली. नादाच्या भांडारामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याने आपल्या धनाचे काय करावे, असा सल्ला कागावांना विचारला. त्यांनी दानधर्माची यादी दिली नाही. लोकांना स्वतःचे भांडार उभे करण्यास हातभार लावा, असे सुचवले, आणि त्याने ते मानले. ही दोन्ही भांडारे १९६२ साली एक झाली. आज त्या संस्थेचे सभासद दहा लाखांहून कितीतरी अधिक आहेत.

कागावा भांडारावर थांबले नाहीत. १९२२ साली त्यांनी खंडकरी शेतकऱ्यांचा देशव्यापी संघ स्थापण्यात पुढाकार घेतला. त्या वेळी कूळ आपल्या पिकाचा अर्धा आणि कित्येकदा त्याहून जास्त हिस्सा जमीनमालकाला देई. १ सप्टेंबर १९२३ च्या प्रचंड भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले तेव्हा ते लगेच तिकडे धावले आणि मदतकार्यातून तेथेही सहकारी संस्था उभ्या केल्या. १९३१-३२ मध्ये त्यांनी टोकियोत सहकारी दवाखाना काढला. सभासद थोडी थोडी वर्गणी देत आणि आजारपणात डॉक्टर मिळे. शहरातल्या डॉक्टरांच्या संघाने ह्याला विरोध केला, पण दवाखाना निघाला.

१९३६ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी आपला सारा विचार मांडला. गावाला आणि शहराला सात प्रकारचे सहकार हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांत उत्पादकांचा, विक्रीचा, पतपुरवठ्याचा, विम्याचा आणि ग्राहकांचा सहकार येतो. ज्यांचे हात काम करतात त्यांच्याच हाती कामाची व्यवस्था असावी, हा त्यातला उत्पादकांचा भाग. ही व्यवस्था एका देशात थांबू नये, देशादेशांतही असावी, म्हणजे लढाया थांबतील, असे ते सांगत.

बारडोलीची भेट

डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जगभरच्या मंडळ्यांची मोठी मिशनरी परिषद भरली. कागावा तिला जपानचे प्रतिनिधी म्हणून आले होते. परिषद आटोपल्यावर ते गांधीजींना भेटावयास बारडोलीला आले. ही भेट जानेवारी १९३९ च्या मध्यास झाली.

त्या वेळी जपानने चीनवर आक्रमण करून दीड वर्ष होत आले होते. गांधीजींनी पाहुण्याला विचारले की, ह्या युद्धाविषयी जपानी लोकांना काय वाटते. कागावांनी सांगितले की, आपण आपल्या देशात पाखंडी गणले जातो; आणि आपल्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, असा उलट प्रश्न त्यांनी केला. गांधीजींचे उत्तर कठोर होते. आपण आपले पाखंड उघड बोललो असतो आणि त्यासाठी गोळी खाल्ली असती, असा त्याचा आशय होता. एका पारड्यात सर्व सहकारी संस्था आणि सारे काम, आणि दुसऱ्या पारड्यात देशाची अब्रू. आणि अब्रू विकली जात असेल तर उघड विरोध करून मरावे, असे त्यांनी सुचवले. कागावांनी मान्य केले की, मन तेच सांगते, पण मित्र थांबवतात.

हा प्रसंग वाचताना मन थबकते. ज्या माणसाने गुंडाचा मार खाल्ला, तुरुंग पाहिला, त्यालाही आपण उभारलेल्या चांगल्या कामाची काळजी होती. संस्था वाचवावी की सत्य बोलावे, हा पेच फक्त मोठ्यांनाच पडतो असे नाही. आपल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि मंडळ्या ह्यांच्या पंचांनाही तो पडतो.

त्याच जानेवारीत बारडोलीत आणखी एक घटना घडली. ह्या भागातल्या दुबळा किंवा हळपती मजुरांना पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या घरी हाळी म्हणून बांधून घेतले जाई. लग्नासाठी घेतलेले थोडे कर्ज जन्मभर फिटत नसे. त्या हाळींच्या मुक्तीची घोषणा तेव्हा झाली. पण घोषणेने मजुराच्या हाती जमीन आली नाही, पेढी आली नाही, मतही आले नाही. आणि बऱ्याच ठिकाणी जुनीच रीत पुढे चालू राहिली. वरून दिलेली मुक्ती आणि माणसांनी स्वतः उभी केलेली व्यवस्था ह्यांतला फरक येथे दिसतो.

उजेड आणि सावली

चरित्र लिहिताना सावल्या झाकणे हे सत्याला धरून नाही. पवित्र शास्त्र दाविदाचे पाप झाकत नाही, मग आपण का झाकावे?

जपानने चीनमध्ये जे केले त्याबद्दल कागावांनी चिनी जनतेची क्षमा मागितली होती. ऑगस्ट १९४० मध्ये लष्करी पोलिसांनी त्यांना पकडले. सुटल्यावर मात्र त्यांचा आवाज मंद होत गेला. युद्धाच्या शेवटच्या काळात त्यांनी अमेरिकेवर टीका करणारी भाषणे रेडिओवरून केली. गांधीजींनी बारडोलीत जे सुचवले होते, ते त्यांच्याकडून पूर्ण झाले नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. जपानमध्येही बुराकू नावाचा एक समाज आहे; त्यांच्या पूर्वजांना कातडी आणि मृत जनावरांच्या कामामुळे अपवित्र मानून दूर ठेवीत. शिनकावाच्या परिसरात हे लोक पुष्कळ होते. कागावांनी त्यांची सेवा केली. पण १९१५ साली लिहिलेल्या आपल्या एका ग्रंथात त्यांनी ह्या लोकांना वेगळ्या, हीन वंशाचे ठरवणारी मते मांडली. ती मते खोटी होती आणि अपमानकारक होती. पुढे त्या समाजाने ह्याबद्दल जाब विचारला आणि जपानच्या मंडळीत ह्यावर गंभीर चर्चा झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले, त्या आपल्या मंडळ्यांना ह्यातला घाव समजावून सांगण्याची गरज नाही. सेवकालाही जाब विचारता आला पाहिजे. ज्या सेवेत सेव्य माणसाला बोलण्याचा हक्क नाही, ती सेवा हळूहळू मालकी होते.

युद्ध संपल्यावर कागावांनी पुन्हा कमरेला पदर खोचला. उद्ध्वस्त शहरांत अन्नाचा काळाबाजार माजला होता. त्यांनी विखुरलेल्या सहकारी संस्थांना एकत्र आणले. १९५१ साली जपानच्या ग्राहक सहकारी संस्थांचा राष्ट्रीय संघ झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष होते. साहित्य आणि शांतता ह्या दोन्ही नोबेल पारितोषिकांसाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. २३ एप्रिल १९६० रोजी टोकियो येथे ते प्रभूमध्ये झोपी गेले.

आपल्यासाठी धडा

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले. जंगलतोडीचे कंत्राटदार आदिवासींना राबवून त्यांची मजुरी बुडवीत, म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. कंत्राटदाराला बाजूला करून तोडणाऱ्यांच्या संस्थेलाच काम द्यावयाचे, ही त्यामागची कल्पना. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली तेव्हा नोकरी गमावणाऱ्या कामगारांनी सहकारी संस्था करून ती चालवली. इंडियन कॉफी हाऊस म्हणून आपण ती ओळखतो. मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा बंद पडलेला कारखाना १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावयास घेतला. काही वर्षे तो चांगला चालला, पुढे पुन्हा अडचणीत आला. म्हणजे सहकार हा जादूचा मंत्र नाही. भांडवल लागते, धंद्याचे ज्ञान लागते, आणि पुढारी थकले तरी न थकणारे सभासद लागतात.

आणखी एक इशारा आपल्याच दाराशी आहे. ह्या भागातले साखर कारखाने सहकारी आहेत. त्यांनी ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवले, हे खरे. पण त्या सहकाराचा सभासद कोण? ज्याची जमीन आहे तो. धुळे, नंदुरबार आणि डांगातून मुकादमाची उचल घेऊन येणारा कोयतेवाला त्या सभासदांच्या यादीत नाही. तो पालात राहतो, पहाटे थंडीत उसात उतरतो, आणि हंगामाच्या अखेरीस उचल फिटली की नाही हे मुकादमाची वही सांगते. सहकार हे नाव पाटीवर असले म्हणजे झाले असे नाही. मत कोणाला आहे आणि हिशेब कोण पाहू शकतो, हे विचारावे लागते.

हा प्रश्न मंडळीला नवा नाही. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो की, रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होत होती आणि त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सर्व मंडळी जमवली, आणि लोकांनीच निवडलेल्या सात माणसांच्या हाती ते काम सोपवले. त्या सातांची नावे पाहिली तर ती ग्रीक धाटणीची आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसे निवडली गेली असावीत. तक्रार ऐकणे, सर्वांना बोलावणे, अधिकार वाटून देणे, ह्या तीन पायऱ्या तेथे आहेत. याकोबाचे पत्र तर शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडते असे सांगते.

मग आपण काय करू शकतो? ज्या मंडळीत गिरणीकामगार आणि ऊसतोड कुटुंबे आहेत, तेथे उपासनेनंतर अर्धा तास काढून मजुरांना हजेरी आणि उचल आपल्या स्वतःच्या वहीत लिहावयास शिकवता येईल. ज्याला लिहिता येत नाही त्याचे लिहून देण्याचे काम तरुण संघाने घ्यावे. दहा-पंधरा कुटुंबांनी दरमहा थोडी बचत केली, तर आजारपणात मुकादमापुढे हात पसरावा लागणार नाही; आणि ज्याने उचल घेतलेली नाही, त्याला वाईट जागा सोडून जाता येते. मजुरी बुडाली वा मारहाण झाली, तर एकट्याने जाऊ नये. पाळकांनी आणि पंचांनी त्याच्याबरोबर मजूर कचेरीत जावे. ह्या लहान गोष्टी पक्क्या झाल्या म्हणजे पुढे मजुरांच्या स्वतःच्या संस्थेचा विचार करता येईल. आणि मंडळीचा स्वतःचा हिशेबही वर्षातून एकदा सर्वांपुढे, समजेल अशा भाषेत वाचला जावा. बाहेरच्या मालकाकडे जो न्याय मागावयाचा, तो आधी घरात असावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र सांगताना मुलांना शिनकावातल्या खोलीचे चित्र जरूर दाखवावे, पण तेथेच थांबू नये. रॉचडेलच्या विणकरांचे दुकान वर्गात मांडावे. एका मुलाला दुकानदार करावे, दोघांना हिशेब तपासणारे करावे, आणि सर्वांत लहान मुलालाही एक मत द्यावे. मग विचारावे की, दुकानदाराने एक गोळी स्वतः खाल्ली तर आपल्याला कळेल का, आणि कसे कळेल. मुले ह्यातून जे शिकतील ते मोठेपणी गिरणीत, शेतात आणि मंडळीतही त्यांच्या कामी येईल.

कागावा थोर होते आणि अपुरे होते. त्यांचे थोरपण आपण घ्यावे, अपुरेपणापासून सावध व्हावे, आणि जेथे त्यांचे पाऊल थबकले तेथून पुढचे पाऊल टाकण्याचे धैर्य प्रभूपाशी मागावे.